वहीतली एक नोंद : आपल्या शाळेच्या सॉफ्टबॉलचा इतिहास

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा काम सोपं वाटलं होतं. "तू पिचर होतीस, शाळेच्या सॉफ्टबॉलचा इतिहास तूच लिही. फोटोंचं आम्ही बघतो." आठवड्याभरात घरी एक कापडी पिशवी आली. तिच्यात आपल्या खेळाच्या सरांच्या स्कोअरच्या तीन वह्या होत्या. खाकी कव्हर, त्यावर सरांच्या टपोऱ्या अक्षरात वर्ष आणि खाली 'मुली'. तीस वर्षं त्यांनी या वह्या कपाटात जपून ठेवल्या होत्या. त्या वाचूनच मी हा लेख लिहिला आहे. मात्र दुसऱ्या वहीतली एक नोंद चुकीची आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. ती नोंद पुढे येईलच, आधी सुरुवातीपासून सांगते.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालचा, अमेरिकेतल्या शिकागो शहरातला. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा दिवस होता. फॅरागट बोट क्लबात काही मंडळी येल आणि हार्वर्ड यांच्यातल्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. निकाल तारेनं यायचा होता. तो कळल्यावर आनंदाच्या भरात कुणीतरी मुष्टियुद्धाचा एक जुना हातमोजा फेकला आणि दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हँकॉक नावाच्या वार्ताहरानं तो मोजा दोरीनं आवळून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूनं रेघा मारल्या आणि घरातल्या घरात बेसबॉल सुरू झाला. पुढे खेळ मैदानात आला. वेगवेगळ्या गावांत त्याला वेगवेगळी नावं पडली. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हॅकन्सन यांनी सुचवलं. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ साली मेलबर्नला झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियानं अमेरिकेला १-० असं हरवलं. पुरुषांची जागतिक स्पर्धा त्यानंतरच्या वर्षी झाली. म्हणजे या खेळात जगाच्या मैदानावर बायका आधी उतरल्या. ही गोष्ट सर आम्हाला वर्षातून चारदा तरी सांगायचे, विशेषतः एखादीचे वडील मैदानाच्या कडेला उभे असले की जरा मोठ्यानंच.

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात तो शाळा-कॉलेजांतून रुजला. आपल्या जळगाव जिल्ह्यात तर तो असा रुजला की क्रिकेटची बॅट न धरलेल्या मुलीही सॉफ्टबॉलची बॅट फिरवू लागल्या. आपल्या शाळेत हा खेळ १९९२ च्या पावसाळ्यानंतर आला. सर शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या वेळी तो शिकले होते. आम्ही तेव्हा सातवीत होतो.

पहिल्या दिवशीचं सामान मला पाठ आहे. दोन बॅटी, तीन चेंडू, चार ग्लोव्ह आणि एक मास्क. ज्या खेळाचा पहिला चेंडूच एका हातमोज्याचा झाला, तो खेळायला आमच्याकडे नऊ जणींत चार हातमोजे. बेस म्हणून आपल्या शिपाईकाकांनी पोत्यात भुसा भरून शिवून दिलेल्या चौकोनी उश्या होत्या. होम प्लेट सायकलच्या जुन्या टायरच्या रबराची होती, पण सरांनी पट्टीनं मोजून पाच कोपऱ्यांची आणि सतरा इंच रुंद अशी बरोबर कापली होती. सुतळी धरून फक्की मारली आणि साठ-साठ फुटांचा चौकोन आखला. पिचिंग प्लेटपासून होम प्लेटपर्यंत चाळीस फूट. चेंडू नावाला 'सॉफ्ट'. बारा इंच घेराचा आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जडही. पहिल्याच दिवशी तो पोटरीवर बसला आणि नावातली फसवणूक कळली.

आधी आम्हाला झेलायला शिकवलं. क्रिकेटसारखी ओंजळ करून चेंडू घ्यायची आमची सवय. ग्लोव्ह घातला की हात दुसऱ्याचा वाटायचा. चेंडू येताना आम्ही ग्लोव्ह पुढे ढकलायचो आणि तो आपटून बाहेर उडायचा. सर म्हणायचे, "पाहुण्याला दारातच ढकलता का गं? आत घ्या." चेंडू आला की हात थोडा मागे न्यायचा आणि लगेच दुसरा हात वर झाकण म्हणून ठेवायचा. छातीच्या वर चेंडू आला तर ग्लोव्हची बोटं आकाशाकडे, कमरेखाली आला तर जमिनीकडे. एवढं जमायला आमचा महिना गेला. ग्लोव्ह चारच, म्हणून दर दहा चेंडूंनी अदलाबदल. दुसरीच्या घामानं ओला झालेला ग्लोव्ह हातात घालायचा. आमची मैत्री अशी घामाची आहे.

पिचिंग त्यानंतर. हात खाली ठेवून चेंडू टाकायचा, एवढंच ऐकून आम्हाला ते लहान मुलांचं काम वाटलं होतं. सरांनी उलट्या क्रमानं शिकवलं. पहिले पंधरा दिवस गुडघ्यावर बसून दहा फुटांवरून फक्त मनगटाचा झटका. मग उभं राहून अर्धा फेरा. मग पूर्ण. विंडमिल हा शब्द आमच्या तोंडी बसेना, तेव्हा सर म्हणाले, "रहाट बघितलाय ना? हात तसा फिरवा. एकच फेरा, मधे कुठे थांबायचं नाही." हात वरून गोल येतो, कोपराखालचा भाग कमरेला घासून जातो आणि तिथेच मनगट झटकून चेंडू सोडायचा. क्षणभर आधी सुटला तर तो जमिनीत, क्षणभर उशिरा सुटला तर कॅचरच्या डोक्यावरून. मागच्या पायाचा अंगठा मातीवर घासत पुढे येतो. आमच्या कॅनव्हासच्या बुटांचे उजवे अंगठे फाटायचे, आणि पिचर कोण ते बूट बघून ओळखू यायचं.

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशानं एक चौकोन काढलेला होता, तो काहींना आठवत असेल. तिथे मी रोज मधल्या सुट्टीत शंभर चेंडू टाकायचे. एकदा चेंडू खिडकीतून आत गेला आणि विज्ञानाच्या बाईंच्या परीक्षानळ्यांचा स्टँड पडला. बाईंनी तक्रार केली नाही, दुसऱ्या दिवशी खिडकीला जाळी लावून घेतली. बाई, तुमचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले.

पण भिंत चेंडू झेलत नाही. तो चौकोनात लागला की नाही एवढंच तिला कळतं. मी पिचर झाले ती भिंतीमुळे नाही, माझ्या कॅचरमुळे. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण तिनं तसं बजावलं आहे. पण आमच्या तुकडीला ते सांगायची गरज नाही.

कॅचर व्हायला कुणी तयार नव्हतं. उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी, अंगावर चिलखत, आणि डोळ्यांसमोर दुसरीची बॅट फिरणार. ती तयार झाली कारण तिला शेतात उकिडवं बसून निंदायची सवय होती. "दिवसभर बसते, इथे तासभरच आहे," म्हणाली. पहिलं वर्षभर छातीचं गार्ड नव्हतं. तिच्या आईनं जुनी गोधडी दुमडून दोन बंद शिवून दिले, तेच तिचं चिलखत. दुसऱ्या वर्षी शाळेनं खरं गार्ड घेतलं, तरी सरावाला ती गोधडीच बांधायची.

सरांनी तिला काय काय शिकवलं ते मी चाळीस फुटांवरून बघत होते. बॅट फिरली की डोळे आपोआप मिटतात. ते मिटू नयेत म्हणून सर तिच्यासमोर रिकामी बॅट फिरवायचे आणि ती मोठ्यानं आकडे मोजायची. डोळे मिटले की पुन्हा एकपासून. खाली पडणाऱ्या चेंडूवर झडप घालायची नाही. दोन्ही गुडघे टेकायचे, ग्लोव्ह पायांमधली फट बुजवणार, हनुवटी छातीला, आणि चेंडू अंगावर घ्यायचा. झेलला नाही तरी चालेल, मागे जाता कामा नये. उजवा हात मुठीत, पाठीमागे. हा शेवटचा धडा तिला उशिरा मिळाला. त्याआधीच बॅटची कड घेऊन आलेल्या एका चेंडूनं तिचं करंगळीशेजारचं बोट मोडलं होतं. हळद-चुन्याचा लेप आणि बांबूची चिप यावर ते बरं झालं, पण वाकडंच राहिलं.

आमच्या खुणा तीन होत्या. एक बोट म्हणजे सरळ वेगाचा. दोन म्हणजे हात तसाच फिरवून तळव्यात खोल धरलेला संथ चेंडू. तीन बोटं म्हणजे ड्रॉप. ड्रॉप मी नववीत शिकले. सोडताना बोटं चेंडूच्या मागून वर ओढली की तो पुढच्या दिशेनं गरगरतो आणि प्लेटजवळ येऊन खाली बसतो. दहापैकी चार वेळा तो मला जमायचा. उरलेले सहा जमिनीत. ते सहाही ती अंगावर घ्यायची. बॅटर कुठे उभी आहे, तिचा पाय कसा हलतोय, माझा खांदा थकलाय का, हे सगळं ती बघायची. मी फक्त तिची बोटं बघायचे. दमले की ती चेंडू परत द्यायला मुद्दाम वेळ लावायची, मास्क काढून पुन्हा बांधायची. हे ती माझ्यासाठी करते हे मला कळायला फार उशीर झाला.

आता दुसरी वही. १९९४, दिवाळीच्या सुट्टीआधी. नाशिक विभागाच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना. जिंकलो तर राज्य स्पर्धा. सातव्या म्हणजे शेवटच्या डावात आम्ही ३-२ नं पुढे होतो. समोरच्या संघाच्या दोघी बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांच्या धावपटू, आणि बॅटरचे दोन स्ट्राइक झालेले. आणखी एक स्ट्राइक आणि संपलं.

तिनं एक बोट दाखवलं. सरळ, वेगाचा, उंच. ती त्यासाठी किंचित उठूनही बसली. मला मात्र ड्रॉप टाकून संपवायचं होतं. नवीन शिकलेली विद्या सगळ्यांना दाखवायची होती. मी मान हलवून नकार दिला असता तर तिनं बसण्याची पद्धत बदलली असती. मी मान डोलावली आणि ड्रॉप टाकला.

बॅटर फसली. बॅट हवेत फिरली. तिसरा स्ट्राइक! पण चेंडू प्लेटच्या वीतभर आधी मातीत आपटला आणि तिच्या उजव्या गुडघ्याजवळून मागे गेला. ज्यांना नियम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातात राहिला नाही, आणि दोघी बाद झालेल्या असतील किंवा पहिला बेस रिकामा असेल, तर बॅटर बाद होत नाही. तिला धावता येतं. तिथे मागे जाळी नव्हती, लांबवर शाळेची भिंत होती. ती मास्क फेकून चेंडूमागे धावली. तोवर दोघी घरी पोचल्या होत्या. ३-४.

परतीच्या एसटीत कुणी बोलत नव्हतं. आमच्या वर्गातला जो मित्र स्कोअर लिहायचा, तो शेवटची नोंद राहिली म्हणून वही घेऊन माझ्याजवळ आला. तो बसला होता तिथून त्याला चेंडू नीट दिसला नव्हता. पिचरच्या चुकीनं मागे गेलेला चेंडू म्हणजे वाइल्ड पिच, स्कोअरमध्ये 'डब्ल्यूपी'. कॅचरनं घ्यायला हवा होता तो सुटला तर पास्ड बॉल, म्हणजे 'पीबी'. मातीत आपटून गेलेला चेंडू नेहमीच पिचरच्या खात्यात जातो, यात वादाला जागा नाही. त्यानं विचारलं, "काय लिहू?" मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिच्या हातून सुटला."

त्यानं 'पीबी' लिहिलं. त्याचा काहीच दोष नाही. निळ्या शाईतली ती दोन अक्षरं आज माझ्या टेबलावर आहेत.

गावात बातमी वहीच्या आधी पोचली. कॅचरनं चेंडू सोडला म्हणून राज्य स्पर्धा हुकली. तिच्या घरी मोठे काका म्हणाले, "हरायलाच जायचं तर शिवणाचा क्लास बरा." दिवाळीनंतर ती मैदानावर आली नाही. सर दोनदा तिच्या घरी जाऊन आले. मी एकदाही गेले नाही. पुढच्या वर्षी नवी कॅचर तयार झाली, मेहनती होती. आम्ही राज्य स्पर्धेला गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. तरी शाळेत सत्कार झाला. कार्यालयाबाहेरच्या फलकावर '१९९५-९६' खाली बारा नावं लिहिली गेली, पहिलं माझं. तिचं नाव त्यात नाही.

दहावी झाली, आणि त्याच जुलैत अटलांटाला सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. अंतिम सामन्यात अमेरिकेनं चीनला ३-१ नं हरवलं. पेपरातलं ते कात्रण मी अजून ठेवलं आहे. पुढे २००८ मध्ये बीजिंगला जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपाननं सुवर्णपदक मिळवलं. तेरा वर्षांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तोक्योत तिनं ते पुन्हा मिळवलं. ४१३ हा आकडा सॉफ्टबॉलवाल्यांना पाठ असतो, मलाही होता. पण ते चेंडू घ्यायला समोर कोण बसलं होतं हे मी परवापर्यंत कधी शोधलं नव्हतं. बीजिंगच्या त्या जपानी संघाची कॅचर युकियो मिने. तेव्हा ती विशीची होती.

वही वाचताना आणखी एक गोष्ट नव्यानं दिसली. स्कोअरच्या भाषेत पिचरचा क्रमांक एक आणि कॅचरचा दोन. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाली की आपण म्हणतो पिचरनं बाद केलं. पण बाद केल्याची नोंद नियमानं दोन क्रमांकाच्या, म्हणजे कॅचरच्या खात्यात जाते. चेंडू तिच्या हातात राहतो तेव्हाच ती बाद असते. नियम करणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. आपल्या फलकाला आणि मला माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी तिला फोन केला. ती आता ब्लाउज शिवण्याचं स्वतःचं दुकान चालवते, हाताखाली तिघी आहेत. वाकड्या बोटात अंगुस्तान बसत नाही म्हणून मधल्या बोटात घालते, असं हसत सांगितलं. मी वहीचा विषय काढला. ती थोडा वेळ गप्प होती.

"अगं, माती उडाली होती ना मास्कमध्ये," ती म्हणाली. "डोळ्यात गेली होती. मला तेव्हाच माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

यावर मला काही सुचलं नाही. मग तीच म्हणाली, "पुस्तकात माझं नाव घालू नको. लोक फोन करून विचारतील, मला कामं आहेत. फळ्यावर घालायचं तर घाल."

शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापकांना आणि स्मरणिका समितीला माझी ही जाहीर विनंती आहे. फलकावर '१९९४-९५ : विभागीय उपविजेता' अशी ओळ वाढवावी आणि त्या संघाची नावं लिहावीत, पहिलं नाव कॅचरचं. रंगाऱ्याचा खर्च माझा. सरांकडे वही परत करताना मी त्या पानावर लाल शाईनं दुरुस्ती करणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. फोनवर ते एवढंच म्हणाले, "खाली सही कर आणि तारीख घाल."

सॉफ्टबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परत येतो आहे. आपल्या मैदानावर तो कधी थांबलाच नाही. आता मुलींना प्रत्येकी एक ग्लोव्ह असतो आणि होम प्लेटमागे जाळी आहे, हे मी मागच्या भेटीत बघून आले. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जुन्या खेळाडूंनी मैदानावर जमायचं ठरलं आहे. ती येणार आहे. गुडघे आता टेकत नाहीत, स्टूल घेऊन बसेन म्हणाली. मी चाळीस फुटांवरून टाकेन, आणि या वेळी तिनं दाखवलेलाच चेंडू टाकेन.

दुरुस्ती : वही क्रमांक २, अंतिम सामना, सातवा डाव, शेवटची नोंद. 'पीबी' च्या जागी 'डब्ल्यूपी' वाचावे. चूक पिचरची.